निळूभाऊ

पिशवीत असतो तेव्हा निळूभाऊ जेमतेम हातभर लांब. एकदा बाहेर पडला की मात्र पुन्हा त्या पिशवीत जायला तो कधी राजी नसतो. घडी कितीही काटेकोर घाला, अंगावर लोळून हवा काढा, गुडघ्यानं रेटा. शेवटी वीतभर निळं कापड बाहेर उरतंच आणि नाडी आवळायला दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागते. नवा असताना तो या पिशवीत कसा मावला होता, हे ज्यानं भरला त्यालाच ठाऊक.

नाव पुतण्यांनी ठेवलं. रंग निळा, आणि आमच्या वर्ध्याकडे ज्याच्याशी दोनदा बोलणं झालं तो भाऊ होतोच. खोक्यावर ‘चार माणसांसाठी’ असं छापलेलं होतं. चौघं मावतात, नाही असं नाही. फक्त चौघांनी एकाच कुशीवर झोपायचं आणि कूस बदलायची असेल तर ती सर्वानुमते. दादाला मध्यरात्री उठायची सवय आहे, म्हणून त्याला दाराशी ठेवतात. तरी तो उठला की एकाच्या पोटावर, दुसऱ्याच्या हातावर पाय पडतो आणि चेनचा आवाज तर असा होतो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं.

फायबरच्या दोन लांब काड्या हा त्याचा सगळा सांगाडा. काडी कांड्याकांड्यांची, आतून एक लवचिक दोरी ओवलेली. हवेत झटकली की कांडी आपोआप एकात एक बसतात. पोरांना यातच सगळ्यात जास्त मजा येते, म्हणून तंबू उभा करताना काड्या तीनतीनदा मोडून पुन्हा झटकल्या जातात. पाठीवरच्या पट्ट्यांतून काड्या एकमेकींना छेद देत ओवायच्या, टोकं कोपऱ्यांवरच्या भोकांत खोचायची, की निळूभाऊ कुरकुरत उभा राहतो. अंगात दोन अंगरखे. आतला बहुतेक जाळीचा, डासांसाठी, वरचा पावसासाठी. एका काडीचं मधलं कांडं तडकलेलं आहे. त्यावर कूलरच्या पंपाची नळी कापून चढवली आहे आणि वरून इलेक्ट्रिकची काळी टेप. उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्ध्यात चौकाचौकात कूलर दुरुस्त करणारा बसलेला असतो. तंबू दुरुस्त करणारा कुठून आणायचा? कूलरवाल्यानं काडी उलटीसुलटी करून आधी ‘हे कोणत्या कंपनीच्या कूलरचं आहे जी?’ असं विचारलं, मग पाच मिनिटांत काम करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

सुरुवातीला त्याला माळ्यावर ठेवत असू. पण वर्ध्याचा मे महिना माळ्यावर काय करतो, ते तिथं ठेवलेल्या वस्तूलाच विचारावं. बाहेर पारा 45-46 वर, तर स्लॅबखाली किती असेल ते मोजायला कोणी वर चढत नाही. दोन उन्हाळ्यांनंतर वरच्या अंगरख्याचं आतलं अस्तर चिकट झालं आणि पुढं त्याचे पापुद्रे निघायला लागले. पाणी अडवणारा लेप असतो तो, उष्णता आणि दमटपणा दोन्ही एकदम सोसत नाही. तेव्हापासून त्याचा मुक्काम बैठकीतल्या दिवाणाच्या पेटीत, जुन्या रजयांच्या शेजारी.

त्याचं शिक्षण काळ्या मातीत झालं. मित्राच्या शेतात, तुरीच्या धुऱ्याजवळ तो पहिल्यांदा उभा राहिला. काळ्या मातीचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. वाळली की तिच्यात खुंटी जात नाही. दगडानं ठोकली तर खुंटीच वाकते. भिजली की खुंटी जाते आणि मग ती परत मिळत नाही. निळूभाऊच्या मूळच्या खुंट्यांपैकी निम्म्या आज वर्धा जिल्ह्याच्या पोटात आहेत. आमच्या पिपरीत घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर पोरांनी एकदा त्याला ताणला होता, तेव्हा पलीकडं काही दिवसांसाठी पालं पडली होती. तिथला सात-आठ वर्षांचा एक मुलगा बराच वेळ लांबून पाहत उभा होता. मग न विचारता पुढं आला, आमच्या पुतण्याच्या हातातली खुंटी घेतली, दोरीच्या उलट बाजूला तिरपी धरली आणि म्हणाला, “अशी.” सरळ ठोकलेली खुंटी दोरी ओढली की वर येते, तिरपी ठोकली तर दोरी जितकी ओढेल तितकी ती रुतते. आम्ही छापील कागद उघडून बसलो होतो, त्यावर हे चित्रासह होतं, पण ते त्या पोरानं दाखवल्यावर दिसलं. आमच्या हौसेचं जे सामान, ते त्याचं बारमाही घर होतं. तो निघून गेल्यावर पोरं थोडा वेळ गप्पच होती.

वास्तविक तंबू घेऊन सुट्टीला जायचं तर आमच्यासाठी जंगल जवळ. बोर व्याघ्र प्रकल्प तासाभराच्या अंतरावर आहे. पण जंगलात तंबू ठोकू देत नाहीत. संध्याकाळी फाटक बंद होतं, माणसांनी बाहेर यायचं. रात्र ज्याची त्याला. ते योग्यच आहे. समुद्र निवडायचं खूळ मोठ्या पुतण्याचं. त्याच्या पुस्तकात सागरी उद्यानांवर अर्धं पान होतं आणि त्या अर्ध्या पानानं आमची सुट्टी ठरवली.

पिपरी मेघे म्हणजे वर्ध्याला चिकटलेलं गाव. शहर कुठं संपलं आणि पिपरी कुठं लागली हे घरपट्टी भरतानाच कळतं. समुद्राशी आमचा संबंध काय, तर जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. पाणी मात्र आमचंही समुद्रालाच जातं, फक्त उलट्या बाजूनं. धाम म्हणा, वणा म्हणा, यशोदा म्हणा, सगळ्या वर्धा नदीत, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. या हिशेबानं आपला समुद्र तोच. आणि त्या समुद्रापल्याड, अंदमानात वंडूरला, एक सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 1983 सालचं, पंधरा बेटांचं. नाव महात्मा गांधींचं. सेवाग्राम आमच्या घरून सायकलनं जाण्याइतकं. 1936 साली बापू तिथं राहायला आले. त्यांच्या नावाच्या उद्यानात प्रवाळ आणि कासवं असतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिथली शिस्त मात्र आश्रमाला शोभणारी आहे. बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासतात, प्लास्टिक न्यायचं नाही. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं हंगामानुसार पाळीनं उघडतात, म्हणजे एक खुलं असताना दुसऱ्याला विश्रांती. दुपारनंतर सगळे परत. रात्री बेटावर पर्यटक नाही. हे सगळं वाचून झालं, मग विमानाची तिकिटं पाहिली, आणि आमचा कल अरबी समुद्राकडे वळला.

मालवण. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी वर्ध्याला थांबते, भुसावळ-नाशिक-कल्याण-पनवेल असा वळसा घेत कोकणात उतरते. चोवीस तासांत कुडाळ येईल असं छातीला हात लावून कोणी सांगत नाही. निळूभाऊ खालच्या बर्थखाली, चपलांच्या शेजारी. निघताना शेजारच्या काकूंनी फाटकातच धरलं. “काऊन जी, घर सोडून कापडात झोपाले इतक्या दूर चालले?” याचं उत्तर दादानं पुढच्या तीन स्टेशनांत शोधलं आणि बडनेऱ्याला चहा पिताना सोडून दिलं.

विदर्भातून कोकणात गेलेल्या माणसाला पहिल्या तासात कळतं की इथली हवा ओली आहे. निळूभाऊला ते आमच्याआधी कळलं. पिशवीतून काढला तर कापड मऊ पडलेलं, एरवीची खरखर गेलेली, आणि दिवाणातल्या डांबरगोळ्यांचा वास उतरत चाललेला. आम्ही वायरीला एका घरामागच्या वाडीत जागा घेतली होती. तिथून दोन मिनिटांवर किनारा, आणि किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला, पाण्यात, सिंधुदुर्गाची काळी तटबंदी. पोरांना तंबू वाळूवर, ऐन पाण्यासमोर हवा होता. घरच्या मावशींनी पहिल्याच वाक्यात तो बेत मोडला. थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यांवर रात्री कासवीण अंडी घालायला येते. उजेड दिसला की बिचकून परत फिरते. आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं उजळ दिसेल तिकडे धावतात. रात्री समुद्राचं क्षितिज उजळ असतं म्हणून ती पाण्याकडे जातात. मागं दिवा असेल तर उलट्या बाजूला. आता निळूभाऊच्या पोटात बॅटरी लावली की तो स्वतःच भलाथोरला निळा कंदील होतो. घरी पोरांना त्याचं हेच रूप सगळ्यात आवडायचं. मालवणात तो विझून राहायला शिकला.

मग वाडीत कुठं? दोन माडांच्या मधे छान सपाट जागा होती. मावशी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, “माडाखाली नको हां! नारळ डोक्यार पडलो तर निस्तरतलो कोण?” झालं. शेवटी काजूच्या झाडापाशी, विहिरीच्या अलीकडं, जिथं वाळू आणि पालापाचोळा यांची भेसळ होती, तिथं मुक्काम ठरला.

आणि इथं निळूभाऊची खरी परीक्षा झाली. काळ्या मातीत खुंटी जायची नाही. इथं नुसत्या अंगठ्यानं दाबली तरी सरळ आत, आणि दोरी ओढली की तितक्याच सहजपणे बाहेर. तिरपी लावून पाहिली, उलटी लावून पाहिली, वर दगड ठेवून पाहिला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि निळूभाऊ कुशीवर कलंडला. मावशींचे दीर मासेमारी करतात. ते जाळं शिवत बसले होते. त्यांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाले, “खिळ्यांनी काय होवचा नाय. रेवेत नांगर होयो.” मग सरपणातली मनगटाएवढी जाड, हातभर लांब काठी उचलली. दोरी तिच्या बरोबर मध्यावर बांधली, गाठ अशी की ओढाल तितकी घट्ट. कोपरापर्यंत हात जाईल इतका खड्डा वाळूत उकरला, त्यात काठी आडवी घातली, दोरीला वर यायला तिरपी चर पाडली, वाळू लोटली आणि पायानं दाबून घेतली. “ओढा आता.” दादानं ओढलं. मोठ्या पुतण्यानं ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. काठी जागची हलली नाही, कारण तिला वर यायचं तर डोक्यावरची सगळी वाळू उचलून यावं लागत होतं. चारी कोपऱ्यांना तसंच केलं. आमच्या खुंट्या त्या प्रवासात पुन्हा पिशवीबाहेर निघाल्या नाहीत.

पहाटे दुसरा धडा. निळूभाऊ आतून रडत होता. वर्ध्याच्या थंडीत, पारा दहाच्या आसपास असतानाही, त्याच्या आत थेंब दिसला नव्हता, हवाच कोरडी. इथं चार माणसांचा श्वास आणि बाहेरचं दव यांनी छताच्या आतून बारीक थेंब धरले आणि काडीला धक्का लागेल तसे ते कपाळावर पडायला लागले. लहान्याला वाटलं पाऊस आला. वरचा अंगरखा अर्धा उघडा ठेवून झोपायचं असतं, वारा फिरता राहिला की थेंब धरत नाहीत, हे दुसऱ्या रात्री जमलं. तोवर मात्र चेनच्या दातांत खारट वारा बसला होता. मेणबत्ती घासल्याखेरीज दार उघडेना.

आता ज्याच्यासाठी एवढं केलं त्या बेटाविषयी. मालवणच्या धक्क्यावरून होडी निघते, कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाच्या महादरवाज्याशी लावते. 25 नोव्हेंबर 1664 ला किल्ल्याचं काम सुरू झालं आणि 1667 मध्ये पुरं झालं. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, त्याच्या कडेनं नागमोडी तट. आत शिवराजेश्वराचं मंदिर. आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. विहिरीवर आम्ही वर्धेकर जरा जास्तच वेळ थांबलो. पाण्याचं कौतुक आमच्या हाडात आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. बाकी सगळे होडीच्या वेळेचे पाहुणे. संध्याकाळ व्हायला आली की शेवटच्या होडीची हाक येते. पावसाळ्यात तर होड्याच बंद.

म्हणजे निळूभाऊनं बेट पाहिलं ते लांबूनच. ज्या बेटासाठी त्याला बर्थखालून आणला, तिथं त्याला मुक्कामाची परवानगी नाही, आणि मला विचाराल तर नसावीही. बेटावर तंबू टाकून राहायचं स्वप्न बऱ्याच जणांना पडतं. ती माणसं सकाळी काय करतील, कुठं जातील, पाणी कुठून घेतील, हे त्या स्वप्नात नसतं. साडेतीनशे वर्षं उभ्या असलेल्या तटाला एका रात्रीच्या पाहुण्याचं अप्रूप ते काय? पायाच्या दगडांत शिसं ओतून तो तिथं बसलाय. आमचा मात्र पंधरा मिनिटांत उठतो, आणि उठल्यावर काठ्या सरपणात परत, खड्डे बुजलेले, मागं फक्त पाचोळा दबलेला एक चौकोन. तो दुपारपर्यंत कोंबड्यांनी उकरून टाकला.

किल्ल्याच्या तिकिटात आणखी एक गोष्ट मिळते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. हे बेट, शेजारचा पद्मगड आणि भोवतीचे खडक मिळून मालवण सागरी अभयारण्याचा गाभा होतो. 13 एप्रिल 1987 रोजी ते जाहीर झालं. सगळं मिळून साधारण 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीनच्या थोडा वर. आमच्या होडीतल्या चाळीसेक माणसांत महाराजांचा जयजयकार तीनदा झाला, अभयारण्य हा शब्द एकदाही नाही. वर तट इतका मोठा आहे की खालची वस्ती झाकली जाते.

खालची वस्ती पाहायला तोंडावर काच लावून पाण्यात उतरावं लागतं. आमच्या धाकट्याचा आयुष्यातला पहिला समुद्र. विहिरीत पोहायला शिकलेला पोट्टा. त्यानं तोंड पाण्यात घातलं आणि नळीतून जो आवाज काढला तो होडीवाल्यालाही ऐकू आला. पाणी काही अंदमानातल्या चित्रांसारखं नितळ नव्हतं; हिरवट, आठ-दहा फुटांपुढं धूसर. पण त्या आठ-दहा फुटांत बरंच होतं. वळ्यावळ्यांचे प्रवाळाचे गोळे, वाऱ्याविना हलणारी समुद्रफुलं, काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे, खडकाच्या फटीतून बाहेर डोकावणारं एक जाडजूड तोंड. होडीवाला म्हणाला, तो गोबरा. प्रवाळाचा असा गोळा वर्षाला सेंटीमीटरभर वाढला तरी पुष्कळ. म्हणजे ज्यावर एखादा दमलेला पर्यटक विश्रांतीला उभा राहतो, ते त्याच्या आजोबांच्या वयाचं असू शकतं. आणि उभे राहतात. पाव टाकून मासे गोळा करतात, फोटोत रंग यावा म्हणून. नांगर टाकताना खाली काय आहे ते सगळेच पाहत नाहीत. पाणी जास्त तापलं की प्रवाळ पांढरे पडतात ते वेगळंच. याच पाण्यात सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळांची कलमं लावली; सिमेंटच्या चौकटींवर तुकडे बांधून खाली ठेवायचे आणि ते धरतात का पाहायचं. हापूसच्या प्रदेशात कलम हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

मोठ्या पुतण्यानं खडकातून प्रवाळाचा एक मेलेला, पांढरा तुकडा वर आणला. सुंदर होता. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. “ता थंयच ठेव, बाबू. तेंचा घर असा ता.” पोरगं ओशाळून पुन्हा पाण्यात गेलं. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्या पंक्तीत बसवलेलं आहे, पहिल्याच अनुसूचीत. बोरच्या जंगलातून वाघाचं नख उचलून आणायचा विचार आमच्यापैकी कुणी केला नसता.

पण याच होडीवाल्याला अभयारण्याचं विचारलं तर तो तितका मऊ बोलला नाही. मालवणच्या मच्छीमारांचा या अभयारण्याला विरोध पहिल्यापासून आहे, आणि तो निसर्गाच्या द्वेषातून आलेला नाही. रापण ओढणारा, छोट्या होडीतून जाळं टाकणारा माणूस विचारतो की रेघ माझ्याच दारात का. भर समुद्रात पर्ससीनची जाळी आणि परराज्यांतले मोठे ट्रॉलर सगळं ओरबाडून नेतात त्यांना कोणती रेघ? याला उत्तर देणं पिपरीहून आलेल्या माणसाचं काम नाही. एवढं दिसलं की ‘घर असा ता’ म्हणणारा आणि अभयारण्यावर चिडणारा माणूस एकच होता. त्याला विचारून रेघ ओढली असती तर कदाचित ती जास्त टिकली असती.

पद्मगडाला जायचं ठरलं तेव्हा मावशींनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. आमच्याकडे ते एकादशी आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहायला असतं. त्यांनी बोट ठेवलं: तृतीया. तीनचे पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या मागंपुढं भरती भरणार, त्याच्या सहा तास आधी सुकती. सकाळी आठला दांडीच्या किनाऱ्यावर पोचा. तिथीच्या पाऊणपट हा हिशेब सबंध किनाऱ्याला पाठ आहे. अष्टमी असती तर सहाची भरती, आणि तीही भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. दीर सोबत आले, म्हणून गेलो. अनोळखी पाण्यात तिथीच्या भरवशावर एकट्यानं उतरू नये. सव्वाआठला गुडघाभर पाण्यातून आम्ही पद्मगडाकडे चालत होतो. दुपारी किनाऱ्यावरून पाहिलं तर आम्ही जिथून चाललो तिथून होडी जात होती. धाकट्यानं तेव्हापासून दर दोन तासांनी ‘आता तिथी काय?’ असं विचारायला सुरुवात केली.

निळूभाऊ ते सारे दिवस वाडीत एकटा होता. कोंबड्यांनी त्याच्या सावलीत बसून घेतलं. एक मांजर त्याच्या आणि वरच्या अंगरख्याच्या मधल्या फटीत झोपायला लागलं आणि आमच्या परतण्याला त्यानं उघड नापसंती दाखवली. मावशींनी त्याच्या एका दोरीवर सुकायला कपडे टाकले. संध्याकाळी आम्ही मिठानं पांढरे झालेले पाय घेऊन आलो की त्यानं वाळू आत घेऊ नये म्हणून दाराशी पायपुसणं टाकलेलं असायचं, तरी घ्यायचाच. तंबूत वाळू येते कुठून हे शोधायचं सोडून द्यावं. ती येते.

परतीच्या गाडीत बर्थखालून बारीक वाळू सांडत होती. वर्ध्याला उतरलो, घरी आलो, दोन दिवस कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दादानं गच्चीवर त्याला झटकला तेव्हा कोपऱ्यांतून मूठभर अरबी समुद्र निघाला, काजूची दोन पानं आणि कोंबडीचं एक पीस. साध्या पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून, चेनला मेणबत्ती लावून तो पुन्हा दिवाणात गेला. उन्हात वाळवायचा नाही, आणि ओला तर कधीच घडी करायचा नाही. ओल्या तंबूचा वास एकदा बसला की तो पिढीजात होतो.

पण वर्ध्यात त्याचा खरा हंगाम समुद्राचा नाही. फाल्गुन सरला की आजी दिवाण उघडून त्याला बाहेर काढायला लावते. वरचा अंगरखा नको, नुसता जाळीचा. गच्चीवर उभा करायचा, आत स्वच्छ धोतर अंथरायचं, आणि त्यावर आजीच्या कुरडया, सरगुंडे, तांदळाचे पापड. ऊन लागतं, वारा लागतो, कबुतर शिरत नाही, माशी बसत नाही. आधी घरातल्या एका पोराला काठी देऊन दिवसभर राखणीला बसवावं लागायचं. आता चेन ओढली की काम संपलं. गल्लीतल्या बायका पाहून गेल्या. शेजारच्या काकूंनी, त्याच ‘कापडात झोपाले’ म्हणणाऱ्या, आपल्या ज्वारीच्या पापडांसाठी दोन दिवस मागून घेतला. मार्चपासून मृग लागेपर्यंत तंबू आपल्याकडे राहील, असं आजीनं जाहीर केलं आहे. मोठ्या पुतण्याला मे महिन्यात तो घेऊन चिखलदऱ्याला जायचं होतं, पण कुरडयांपुढं चिखलदरा टिकला नाही.

मालवणहून आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आजीनं चीक शिजवायच्या आधी तंबू उभा करायला लावला. चष्मा लावून आत शिरली. जाळी पाहिली, शिवण पाहिली, कोपऱ्यात नखानं खरवडून पाहिलं. मग खालच्या कापडाची कड उचलून तिला जिभेचं टोक लावलं.

“अजून खारट हाये,” ती आतूनच ओरडली. “धुवा पुन्हा. माह्या कुरडयांत मीठ मी टाकीन.”